काकीचा हात आणि आभाळातले पाहुणे

आमच्या गावात माणसं तीन वाटांनी येतात. कान्ह्याच्या स्टेशनावर उतरून पायी, हायवे सोडून जीपनं, आणि दुपारच्या वेळी आभाळातून. पहिल्या दोन वाटांनी येणाऱ्यांची चौकशी कुत्री करतात. तिसऱ्या वाटेच्या पाहुण्यांवर ती सुरुवातीचा महिनाभर भुंकली, मग त्यांच्या माना अवघडल्या. आता एक डोळा उघडून वर बघतात आणि पुन्हा झोपतात.

गावाच्या डोक्यावरच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंगवाले उडतात. आमच्याकडं त्या कापडाला छत्री म्हणतात आणि त्या माणसांना छत्रीवाले. मी त्यांच्या शाळेच्या जीपचा ड्रायव्हर. सकाळी तुंगार्लीच्या बंगल्यांतून त्यांना उचलायचं, डोंगरावर सोडायचं, आणि दुपारी जिथं जिथं पडतील तिथून गोळा करायचं. बाभळीवरून, गोठ्याच्या पत्र्यावरून, आणि एकदा तर चालू लग्नाच्या मांडवातून मी माणूस बाहेर काढलाय. तो मांडवात पडलेला फ्रेंच माणूस नवरदेवाच्या आधी पोचला होता, म्हणून करवल्यांनी त्यालाच ओवाळून घेतलं. यातलं थोडं इकडंतिकडं असेल, पण ओवाळलं हे खरं.

आता एवढ्या डोंगराळ मुलखात उतरायला सपाट जागा एकच. देव मावळ घडवत होता, तेव्हा डोंगर रचून रचून दमला आणि घटकाभर खाली बसला. बसला त्या जागी जे सपाट झालं, ते माझ्या काकीचं शेत. वर विजेच्या तारा नाहीत, मधे झाड नाही, भात काढल्यावर पुढच्या पावसापर्यंत मोकळं. काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. काका गेले, दोन्ही पोरं पिंपरीला, ती एकटी शेताच्या कडेला घर धरून बसलेली.

त्या हंगामात काकीनं ठरवलं की शेत बंद करायचं. सोमवारी सकाळी बोराटीच्या काटेरी फांद्या सगळ्या वावरभर टाकायच्या, म्हणजे आभाळातनं कोण येतो ते बघतेच. हे झालं असतं तर शाळा दुसऱ्या खोऱ्यात जाणार होती, आणि मी परत चाकणला कंपनीत पाळी करायला. काकीचं मन वळवायची कामगिरी माझ्यावर आली, कारण मी तिच्या मांडीवर वाढलो असं मीच सगळ्यांना सांगत आलो होतो.

"काकी, अगं त्यांनी तुझं काय खाल्लं?" मी विचारलं.

"त्येच तर म्हंते मी. काय बी खाल्लं न्हाई!"

"म्हंजे?"

"दिवाळीपास्नं बगतीय. माझ्या शेतात येत्यात, गठुडं बांदत्यात आन् चोरावानी पळत्यात. मी बांदावर उबी ऱ्हाते, हात करते, या रं बाबांनो, गूळपानी घेऊन जा. तर जेवढा हात करावा तेवढं जोरात पळत्यात! मी काय हडळ हाय?"

"हाक मारायचीस मग."

"त्यास्नी आपली भाषा कुटं येती? म्हून तर हात करते. हाताला काय भाषा लागती व्हय रं?"

काकीची हाक म्हणजे काय ते सांगायला हवं. ती गोठ्यातून म्हशीला ओरडली की कान्ह्याच्या स्टेशनावर लोक घाईघाईनं गाडीत चढतात. अशा बाईनं पाहुण्यांना समजावं म्हणून आवाज गिळून नुसता हात करायचा, ही तिच्या मते केवढी सभ्यता! आणि हाताला भाषा लागत नाही, हे मलाही सोळा आणे पटलं. माझी जीप नेहमी मागाहून पोचायची. तोवर छत्रीवाले गठुडी घेऊन रस्त्यावर उभे. काकी हात करते तेव्हा काय होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

आमचे शिकवणारे सर पुण्याचे. माणूस सोन्यासारखा, पण पुण्याच्या माणसाला होकार किंवा नकार शब्दात लागतो. ते एकदा स्वतः काकीकडं गेले होते. म्हणाले, "मावशी, तुमचा नक्की आक्षेप काय आहे?" काकीनं डोंगराकडं बघितलं आणि म्हणाली, "गवात लय वाढलंय औंदा." याचा अर्थ मावळातलं शेंबडं पोरही सांगेल: तुमच्याशी मला बोलायचं नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी गवत कापायला दोन माणसं विळे घेऊन पाठवली. काकीनं त्या दोघांना थेट हायवेपर्यंत पोचवलं, विळे तिच्या हातात.

इकडं सरांचे दोन नियम होते, ते छत्रीवाल्यांना पहिल्याच दिवशी पाठ करावे लागत. एक, शेत दुसऱ्याचं आहे. उतरल्यावर गुमान छत्री गोळा करा, बांधावरून रस्त्यावर या, शेतकऱ्याला तसदी देऊ नका. दुसरा नियम त्याहून मोठा आणि म्हणे सगळ्या जगातल्या छत्रीवाल्यांत चालतो. उतरलेला माणूस धड असेल तर त्यानं ताबडतोब छत्रीचा ढीग करायचा. जमिनीवर छत्री पसरलेली दिसली, तर वरच्यांनी समजायचं की खालचा जायबंदी आहे, पळा.

रविवार उजाडला. मी चौथ्यांदा काकीच्या ओसरीवर बसलो होतो, चौथ्यांदा भाकरी खात होतो, आणि काटे टाकू नकोस म्हणायला चौथ्यांदा घाबरत होतो. तेवढ्यात शेतावर एक केशरी छत्री उतरली.

तो फिनलंडचा पाहुणा होता. साठीचं जोडपं, पंधरा दिवस तुंगार्लीला राहिलेलं. नवरा इतका उंच की जीपच्या मागच्या सीटवर बसला, तर त्याचे गुडघे माझ्याशेजारी बसून पुढचा रस्ता बघायचे. पंधरा दिवसांत मी त्याच्या तोंडून चार शब्द ऐकले, त्यातले दोन शिंकताना. बायको जरा बडबडी, तिचे सहा झाले असतील. मला आधी वाटलं, माझ्यावर रुसलेत. आपल्याकडं जीपमध्ये अर्धा तास गप्प बसलेला माणूस म्हणजे एक तर रुसलेला, नाही तर तोंडात तंबाखू भरलेला. सरांनी समजावलं की त्यांच्याकडं गप्प बसतात ते सोबत आवडली म्हणून. त्यानंतर मी आरशात स्वतःकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

काकीनं त्या दिवशी हात केला नाही. हात करून करून तिचा हातावरचा विश्वास उडाला होता. पदर खोचला, ढेकळं तुडवत गेली, आणि त्या माणसाचं मनगट धरलं. फिनलंडात म्हणे बसच्या रांगेत दोन माणसांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी जागा सोडतात. तिथल्या माणसाचं मनगट आमच्या काकीनं धरलं! तो खुरांना पत्री मारायला नेलेल्या बैलासारखा मुकाट तिच्यामागनं आला. छत्रीचा मागं आपोआप ढीग झालेला होता. मी बघितलं, ढीग आहे, म्हणजे सगळं ठीक.

ओसरीवर घोंगडी अंथरलेली होती. पाहुण्याला मांडी घालता येईना. एक पाय दुमडला की दुसरा दारातून अंगणात जायचा.

"बगतोस काय मुडद्या?" काकी माझ्यावर खेकसली. "देवळातलं बाकडं घिऊन ये पळत. पावना काय उबा ऱ्हाऊन जेवल?"

मी पळालो. पळताना एवढंच दिसलं की तिनं त्याच्या अंगावरची ती पट्ट्यांची झूल उतरवून घेतली आणि खुंटीला अडकवली. त्या झुलीत त्याचा वॉकीटॉकी होता.

देवळातलं बाकडं म्हणजे अखंड सागवानी, सात माणसांचं. ते मी एकट्यानं डोक्यावर आणलं. शेजारी म्हणतात दोघं होतो, पण शेजाऱ्यांचं काय ऐकता! डोक्यावर बाकडं असल्यामुळं मला आभाळ दिसत नव्हतं, ही मात्र सूर्यासारखी सत्य गोष्ट आहे. मला फक्त माझे पाय आणि पायाखालची वाट दिसत होती. शेताच्या कडेला आलो आणि पायासमोर केशरी कापड लागलं. मी बाकड्याखालून मान वाकडी करून बघितलं. छत्री या बांधापासून त्या बांधापर्यंत ताठ पसरलेली. एका टोकाला पाटा, दुसऱ्या टोकाला वरवंटा, मधे खलबत्ता आणि तुळशीजवळचे दोन धोंडे. आणि त्यावर वाळायला घातलेले पावटे.

"काकी! हे काय केलंस?"

"काय केलं? पावन्याचं कापाड धुळीत चुरगळून पडलं हुतं, नीट हातरून ठेवलं. एवडं स्वच्छ कापाड रिकामं कशाला, म्हून वाईच पावटं घातलं."

"अगं, वॉकीटॉकी कुठंय?"

"ती त्याची झूल सारकी खरखर करत हुती. पावना जेवाय बसला, म्हून डालग्याखाली झाकली."

कोंबड्या झाकायच्या डालग्याखालून आमच्या सरांचा आवाज येत होता. सर विचारत होते, तुम्ही शुद्धीवर आहात का, आहात का, आहात का. आतली खुडूक कोंबडी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती, आणि माझा अंदाज आहे की त्यामुळंच सर जास्त घाबरले.

मी बाकडं खाली टाकलं आणि वर बघितलं. सहा छत्र्या, मेलेल्या बैलावर गिधाडं उतरावीत तशा गिरक्या घेत खाली येत होत्या.

पहिली उतरली ती त्याची बायको. उतरली कसली, गुडघ्यांवर आपटली. छत्री तशीच सोडून ती शेतातून पळत आली. पावटे, पाटा, वरवंटा, काही बघितलं नाही. मी पुढं होऊन दोन्ही हात हलवत ओरडलो, "ओके! ओके!" पण माझ्या तोंडावर जे काही होतं, ते बघून ओके वाटण्यासारखं नसावं. ती मला ओलांडून ओसरीत शिरली.

ओसरीत नवरा पाय अंगणात सोडून जेवत होता. तिकडची रीत अशी की ताटात काही टाकायचं नाही. काकीची रीत अशी की ताट रिकामं ठेवायचं नाही. दोघंही अतिशय सभ्य, त्यामुळं तो सातव्या भाकरीवर होता. तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, लसणाची चटणी. तोंड लाल, डोळ्यांतून पाणी, आणि अक्षर बोलत नव्हता.

बायको समोर उभी राहिली. मला वाटलं, आता बॉम्ब पडेल. आपल्याकडं असा प्रसंग झाला असता तर चार गल्ल्यांना ऐकू गेलं असतं, आणि नवरा जिवंत आहे याचा आनंद त्याला पुढं आठ दिवस पुरला असता. तिचा चेहरा चुन्यासारखा. वाकली, हाताचा पंजा त्याच्या छातीवर ठेवला, आणि तिथंच ठेवून राहिली. त्यानं हातातला घास खाली ठेवला आणि तिच्या पंजावर आपला हात ठेवला, चटणीचा. संपलं.

मला काही कळेना. पण काकीला कळलं. तिला कुणी दुसरा नियम सांगितला नव्हता, छत्रीचा अर्थ सांगितला नव्हता. ती भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी तशीच पुढं आली आणि हळू म्हणाली, "ह्या बाईचा जीव जाऊन आलाय रं. काय झालं?"

मी सांगितलं. कापड पसरलं तर माणूस जायबंदी, हा त्यांचा कायदा. वरून तिनं ते बघितलं. काकीचा चेहरा उतरला. तिनं त्या बाईच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दहाच्या दहा. आवाज ऐकून बाई दचकली. तिला वाटलं, या म्हातारीची हाडं मोडली, आणि तिनं काकीचे हात घट्ट धरून बोटं तपासायला सुरुवात केली. काकी हसली, मग ती हसली, मग दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कोण कशासाठी रडतंय याचा हिशेब तिथं कुणीच ठेवला नाही.

तोवर बाकीचे पाच आले. त्यांना बाकड्यावर बसवलं. काकीनं गूळ आणि पाण्याचा तांब्या फिरवला. तांब्या वरून धरून प्यायचा प्रयत्न करताना पाचही जणांनी अंघोळी उरकल्या. एवढ्यात सर मोटरसायकलवरून आले, लालबुंद.

"हा काय प्रकार आहे? मी ॲम्ब्युलन्सला फोन केला होता!"

"सर, चहा घ्या," मी म्हणालो. त्या प्रसंगी याहून शहाणं वाक्य कुणाला सुचलं असतं तर सांगा.

अशात ती बायको माझ्याजवळ आली. मोडक्या इंग्रजीत, म्हणजे मोडकं माझं, तिनं जे विचारलं ते असं: "या बाईंना आम्ही आवडत नाही ना? दिवाळीपासून आलेले सगळेच सांगतात. कुणीही उतरलं की या बांधावर उभ्या राहून हाकलतात. मग आज जेवायला का घातलं?"

"हाकलतात? कशा?"

तिनं करून दाखवलं. हात पुढं, पंजा पालथा, बोटं खाली-वर, खाली-वर. बाकड्यावरच्या पाचही जणांनी मान डोलवली आणि तसेच पंजे हलवून दाखवले.

माझ्या डोक्यात शंभराचा बल्ब पेटला. तोच हात! आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या माणसाला बोलावतात तो हात. त्यांच्याकडं त्याच हातानं कोंबड्या हुसकतात, मांजरं हुसकतात. ती जितकी प्रेमानं बोलवत होती, तितके ते शहाण्यासारखे पळत होते.

मी काकीला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. जागची हलली नाही.

"मी? हाकलते?"

"त्यांना तसं वाटलं, काकी."

"दिवाळीपास्नं मी पावन्यास्नी हाकलत हुते?" तिनं आपला पालथा पंजा डोळ्यांसमोर धरून बघितला, जसा काही तो हात दुसऱ्याच कुणाचा. मग पदर तोंडाला लावला. तिच्या दारातून पाहुणा कधी पाण्याविना गेला नाही, हे ती अभिमानानं सांगायची. "अरं द्येवा. किती जनं आली आसतील रं? उनातानाची?"

तेव्हा तो फिनलंडवाला उठला. ओसरीतून वाकून बाहेर आला, अंगण ओलांडून शेतात गेला, चांगला पन्नास पावलं गेला, आणि काकीकडं तोंड करून उभा राहिला. नुसता उभा. खांबासारखा.

सर कुजबुजले, "हे काय करतायत?"

काकीला मात्र समजलं. ती उठली, बांधावर गेली, हात पुढं केला, पंजा पालथा. बोटं हलवली. आणि तो आला. मोठमोठी पावलं टाकत, सरळ तिच्यापाशी. येऊन थांबला, वळला, परत पन्नास पावलं गेला. काकीनं पुन्हा हात केला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्याच्याबरोबर बायको गेली, मग बाकीचे पाच, आणि सहा देशांची ती सात माणसं आमच्या शेतात ओळीनं उभी राहिली आणि काकीच्या हातासरशी तिच्याकडं धावत आली. शेवटच्या फेरीला आमची कुत्रीही उठली आणि त्यांच्याबरोबर धावली. काकी हसून हसून बांधावर बसली.

"मंग तुमी कसं बोलावता?" तिनं त्या बाईला खुणेनं विचारलं.

बाईनं पंजा उताणा केला आणि बोटं आपल्याकडं ओढली.

"आगं बया! आसं तर आमच्याकडं आखाड्यात पैलवान बोलावत्यात, ये म्हनून, हाडं मोडून देतो!"

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर तो उंच माणूस हसला. आवाज नाही, फक्त खांदे. पण बायकोनं त्याच्याकडं ज्या नवलानं बघितलं, त्यावरून मी समजलो की मागचं हसणं पाच-सात वर्षांपूर्वीचं असावं.

ऊन कललं. छत्र्या गोळा झाल्या, पावटे सुपात परत गेले. सरांनी घसा साफ केला. मी त्यांना डोळ्यानं खुणावलं की आता गप्प राहा, पण डोळ्याची भाषा पुण्यात वेगळी असावी.

"मावशी, मग शेताचं काय करायचं? उद्याचं ते काट्यांचं?"

काकी अंगण झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "उंद्या किती जनं येनार हायत?"

"ते सांगतो. पण तुमचं हो आहे की नाही, तेवढं एकदा स्पष्ट..."

काकीनं झाडू थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. हा माणूस एवढा शिकलेला, आणि याला कुणी बोलायचं शिकवलं नाही का, असं ते बघणं होतं. मी सरांची बाही ओढली.

"सर, नऊ म्हणा."

"अरे, उद्या सहाच जण..."

"सर, नऊ म्हणा."

"नऊ," सर म्हणाले.

काकी झाडू ठेवून आत गेली. थोड्या वेळानं आतून फळीवरचं मोठं पातेलं खाली काढल्याचा आवाज आला.